कुणाचं कुणाशी पटेना, तरी राज्य उभं राहिलं

ऱ्होड आयलंड हे अमेरिकेतलं सगळ्यात छोटं राज्य, नुसती जमीन मोजली तर आपल्या गोव्यापेक्षाही लहान, आणि बॉस्टनहून न्यूयॉर्कला हायवेने जाताना ते कधी आलं आणि कधी संपलं तेही कळत नाही. मीसुद्धा सुरुवातीला तसाच कितीदा तरी त्यातून निघून गेलोय. मग एका सुट्टीत प्रॉव्हिडन्सला थांबलो, तिथल्या स्टेट हाऊसमध्ये इंग्लंडच्या राजाने ह्या वसाहतीला दिलेली १६६३ सालची सनद ठेवलीय ती बघितली, आणि तेव्हापासून ह्या राज्याचा इतिहास मिळेल तसा वाचत आलोय. मला त्यात काय आवडतं ते आधीच सांगतो. ही वसाहत थोर, समंजस, एकदिलाच्या लोकांनी वसवलेली नाही. इथे आले ते दुसरीकडून हाकललेले लोक, आणि इथे आल्यावर एकमेकांशीही भांडले. त्यांचं एकमत कधी होणारच नव्हतं, म्हणून त्यांना असा कारभार उभा करावा लागला की ज्याला एकमताची गरजच पडू नये. मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

सुरुवात रॉजर विल्यम्सपासून. हा लंडनचा, केंब्रिजला शिकलेला, भाषांची जबरदस्त आवड असलेला तरुण पाद्री. फेब्रुवारी १६३१ मध्ये मॅसॅच्युसेट्सला पोचला. तिथले प्युरिटन लोक इंग्लंडमधला धार्मिक जाच सोडून आले होते हे खरं, पण त्यांना हवं होतं ते स्वतःच्या पद्धतीने देव मानायचं स्वातंत्र्य, दुसऱ्याने त्याच्या पद्धतीने मानायचं नाही. विल्यम्सला बॉस्टनच्या चर्चमध्ये नोकरी मिळत होती, ती त्याने नाकारली, तुमचं चर्च इंग्लंडच्या सरकारी चर्चपासून अजून पुरेसं वेगळं झालेलं नाही म्हणून. म्हणजे हा माणूस त्यांच्यापेक्षाही कडवा होता! उदारमतवादी वगैरे अजिबात नव्हता, आणि हे लक्षात ठेवलं नाही तर पुढचं सगळं चुकीचं कळतं.

त्याने दोन मुद्दे लावून धरले. एक, इंग्लंडच्या राजाने सनदेत जी जमीन देऊन टाकली ती मुळात त्याची होती कुठे? ती इथे राहणाऱ्या लोकांची, त्यांच्याकडून घ्यायला हवी. दुसरा, माणूस देवाला कसं मानतो, रविवार पाळतो का नाही, ह्यावरून शिक्षा करायचा अधिकार मॅजिस्ट्रेटला नाही. पहिल्या मुद्द्याने वसाहतीचा सातबाराच हलत होता आणि दुसऱ्याने तिची सत्ता. ऑक्टोबर १६३५ मध्ये त्याला हद्दपारीची शिक्षा झाली. वसंतापर्यंत राहायची मुभा दिली, तरी हा घरात लोक जमवून बोलतच राहिला, तेव्हा त्याला सरळ जहाजात घालून इंग्लंडला पाठवायचं ठरलं. माणसं घरी पोचली तेव्हा तो तीन दिवसांपूर्वीच निघून गेलेला. जानेवारी महिना, न्यू इंग्लंडचा बर्फ. ज्यांनी इथला जानेवारी काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको. नॅरागॅन्सेट बेच्या दिशेने जा, असं गुपचूप कळवलं होतं जॉन विन्थ्रॉपने, जो मॅसॅच्युसेट्सच्या पुढाऱ्यांमधला सगळ्यात मोठा माणूस! मत पटत नव्हतं, पण मैत्री होती.

तो हिवाळा विल्यम्सने तिथल्या मूळ रहिवाशांपैकी वाम्पानोग लोकांच्या आसऱ्याने काढला आणि १६३६ मध्ये त्यांच्या शेजारच्या नॅरागॅन्सेट लोकांच्या प्रदेशात प्रॉव्हिडन्स वसवलं. नॅरागॅन्सेटांचे प्रमुख होते म्हातारे कॅनॉनिकस आणि त्यांचा पुतण्या मियांतोनोमी. विल्यम्सने नंतर लिहून ठेवलंय की ही जमीन पैशाने मिळालेली नाही, कॅनॉनिकसला हजारो दिले असते तरी त्याने इंग्रजांना ह्या खाडीत पाय ठेवू दिला नसता, ती मिळाली ती मायेने. आणि ही माया भोळी नव्हती. एकदा कॅनॉनिकसने विल्यम्ससमोर एक काठी घेतली, तिचे दहा तुकडे केले, आणि एकेक तुकडा खाली ठेवत इंग्रजांनी शब्द मोडल्याचा एकेक प्रसंग सांगितला. दहा तुकडे, दहा प्रसंग. विल्यम्सने काहींचा खुलासा केला, बाकीचे गव्हर्नरच्या कानावर घालतो म्हणाला, आणि खरंच विन्थ्रॉपला पत्र लिहून कळवलं. म्हाताऱ्याला पुरतं माहीत होतं तो कुणाला जागा देतोय, तरी दिली.

प्रॉव्हिडन्सच्या सुरुवातीच्या करारात लोकांनी बहुमताने ठरेल ते पाळायचं कबूल केलं, पण फक्त नागरी बाबतीत. बस, एवढंच. देवाधर्माचं त्यात नावच नाही. ह्याची परीक्षा लगेच झाली, आणि तीही एका घरात. जोशुआ व्हेरिन नावाचा विल्यम्सचा शेजारी होता, त्याची बायको जेन विल्यम्सकडे प्रार्थनेला जायची, ते नवऱ्याला पसंत नव्हतं, तो तिला अडवायचा, मारायचा. १६३८ मध्ये गावाची सभा बसली. एक जण उठून म्हणाला की बायकोने नवऱ्याचं ऐकावं ही देवाची आज्ञा आहे, म्हणजे तिला घरात ठेवणं ही व्हेरिनच्या सदसद्विवेकाची गोष्ट झाली, त्यात गावाने पडू नये. दोन्ही बाजू एकाच स्वातंत्र्याच्या नावाने बोलत होत्या! गावाने निकाल दिला तो जेनच्या बाजूने, दुसऱ्याच्या सदसद्विवेकावर जबरदस्ती केली म्हणून व्हेरिनचा मताचा हक्क काढून घेतला. सतराव्या शतकात, जिथे बायकांना सभेत मत नव्हतं तिथे, हा निकाल लागला. पुढे तो तिला घेऊन परत मॅसॅच्युसेट्समधल्या सेलमला गेला, म्हणजे जेनची सुटका झाली असं काही म्हणता येत नाही. पण हा प्रसंग वाचल्यापासून ही वसाहत माझ्यासाठी तत्त्वज्ञानाच्या पुस्तकातून बाहेर आली.

मग एकेक येत गेले. ॲन हचिन्सन, जिच्या घरी बॉस्टनच्या बायका आणि पुरुषही प्रवचन ऐकायला जमायचे आणि जिला त्यासाठीच खटला चालवून हाकललं, ती आणि तिची माणसं १६३८ मध्ये ॲक्विडनेक बेटावर पोर्ट्समथला आली. वर्षभरात तिथे फूट पडली, विल्यम कॉडिंग्टन बाहेर पडला आणि त्याने बेटाच्या दुसऱ्या टोकाला न्यूपोर्ट वसवलं. सॅम्युएल गॉर्टनची तर कमाल, शेजारच्या प्लिमथ वसाहतीने हाकलला, पोर्ट्समथने चाबकाचे फटके देऊन हाकलला, प्रॉव्हिडन्समध्ये विल्यम्ससुद्धा त्याला वैतागला, शेवटी त्याने खाली दक्षिणेला जमीन घेतली तर मॅसॅच्युसेट्सने सैनिक पाठवून त्याला धरून नेला आणि पायात बेड्या घातल्या. सुटल्यावर हा इंग्लंडला गेला, अर्ल ऑफ वॉरिककडून संरक्षण मिळवून परत आला आणि गावाला वॉरिक नाव दिलं. अशी चार गावं, चार तोंडं चार दिशांना. १६५१ मध्ये कॉडिंग्टनने लंडनला जाऊन स्वतःला बेटाचा तहहयात गव्हर्नर करून घेतलं, ते रद्द करून घ्यायला विल्यम्स आणि न्यूपोर्टचा डॉ. जॉन क्लार्क लंडनला गेले. शेजारच्या वसाहती ह्यांना न्यू इंग्लंडची गटारगंगा म्हणायच्या, आपसात युती करताना ह्यांना बाहेर ठेवायच्या, आणि चहूबाजूंनी जमिनीवर डोळा होताच.

पण ह्याच गोंधळातून विल्यम्सचं १६५५ चं पत्र आलं. गावात काही जण म्हणायला लागले होते की स्वातंत्र्य म्हणजे कुणी कुणावर हुकूम चालवायचाच नाही. विल्यम्सने उत्तर दिलं ते जहाजाचं. एका जहाजात कॅथलिक, प्रोटेस्टंट, ज्यू, तुर्क सगळे बसलेत. कुणालाही जहाजावरच्या प्रार्थनेला यायची सक्ती नाही आणि कुणाला स्वतःची प्रार्थना करायला आडकाठी नाही. पण जहाज कसं हाकायचं ते कप्तान ठरवणार, भाडं द्यायचं ते द्यायचंच, आणि बंड केलं तर शिक्षा होणारच. माझ्या मते सरकारचं काम कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं हे इतक्या थोडक्यात फार कमी लोकांनी सांगितलंय.

क्वेकर म्हणजे पाद्री आणि चर्चची सत्ता न मानणारा ख्रिस्ती पंथ, त्यांच्या बाबतीत तर हे आणखी कळतं. १६५७ मध्ये बाकीच्या वसाहतींनी ऱ्होड आयलंडला दम भरला की ह्या क्वेकर लोकांना थारा देऊ नका. ऱ्होड आयलंडने कळवलं की नुसत्या बोलण्याबद्दल शिक्षा करायचा आमच्याकडे कायदा नाही, आणि आमचा अनुभव असा की जिथे त्यांना मोकळेपणी बोलू देतात आणि फक्त वादाने उत्तर देतात तिथे यायची त्यांना फारशी हौसच नसते. तिकडे बॉस्टनने १६६० मध्ये न्यूपोर्टच्या मेरी डायरला क्वेकर म्हणून फाशी दिली. आणि विल्यम्स? त्याला क्वेकरांची मतं मनापासून नापसंत होती. १६७२ मध्ये, वय सत्तरीच्या आसपास, त्यांच्याशी जाहीर वाद घालायला हा म्हातारा प्रॉव्हिडन्सहून न्यूपोर्टपर्यंत दिवसभर स्वतः होडी वल्हवत गेला, मध्यरात्रीच्या सुमारास पोचला आणि सकाळी उभा राहिला. न्यूपोर्टमध्ये तीन दिवस आणि नंतर प्रॉव्हिडन्समध्ये एक दिवस, असा वाद चालला. पुढे त्यावर जाडजूड पुस्तकही लिहिलं. पण ह्यांना हाकला असं आयुष्यात एकदाही म्हणाला नाही. ज्याचं म्हणणं तुम्हाला विषासारखं वाटतं त्याच्याशी भांडायला तीस मैल वल्हवत जायचं आणि त्याच्या राहण्याच्या हक्काला हात लावायचा नाही. हे मला आजही कुठे फारसं दिसत नाही.

क्लार्क लंडनमध्ये बारा वर्षं चिकटून राहिला आणि जुलै १६६३ मध्ये दुसऱ्या चार्ल्सकडून सनद मिळवली. धर्माच्या बाबतीतल्या मतभेदावरून कुणालाही त्रास, शिक्षा, जाब विचारणं काही होणार नाही, असं राजाच्या नावाने लिहून आलं. गव्हर्नरसुद्धा लोकांनी निवडायचा. ही सनद इतकी टिकाऊ निघाली की स्वातंत्र्यानंतरही १८४३ पर्यंत राज्याची घटना म्हणून तीच चालली. तिच्यात आणखी एक कलम होतं, ते फारसं कुणी सांगत नाही. ऱ्होड आयलंडच्या हद्दीतल्या मूळ रहिवाशांवर बाकीच्या वसाहतींनी ऱ्होड आयलंडच्या संमतीशिवाय चाल करून जायचं नाही.

१९ डिसेंबर १६७५ ला नेमकं तेच झालं. वाम्पानोगांचा प्रमुख मेटाकॉम, ज्याला इंग्रज किंग फिलिप म्हणायचे, त्याच्याशी युद्ध पेटलं होतं. नॅरागॅन्सेट आधी लांब राहिले होते, पण त्यांनी वाम्पानोगांच्या बायकापोरांना आसरा दिला. मॅसॅच्युसेट्स, प्लिमथ आणि कनेक्टिकटचं हजाराच्या वर सैन्य ऱ्होड आयलंडमध्ये शिरलं, दलदलीतल्या त्यांच्या हिवाळी वस्तीवर हल्ला केला आणि झोपड्या पेटवून दिल्या. आत म्हातारी माणसं, बायका, मुलं होती. शेकडो गेले. वाचलेले बर्फात पळाले. मार्च १६७६ मध्ये नॅरागॅन्सेटांनी प्रॉव्हिडन्स जाळलं, त्यात विल्यम्सचंही घर गेलं. आणि त्या उन्हाळ्यात पकडलेल्या मूळ रहिवाशांना ठरावीक वर्षांच्या गुलामीत विकायला गावाने जी समिती नेमली तिच्यात रॉजर विल्यम्स होता. १६४३ मध्ये ज्याने नॅरागॅन्सेटांच्या भाषेवर पुस्तक छापलं, ज्यात भेटल्यावर काय बोलायचं, खाण्यापिण्याचं कसं, झोपायची सोय कशी ह्याची प्रकरणं आहेत, जे त्याने इंग्लंडला जाताना जहाजात बसून लिहायला घेतलं, तोच हा माणूस. मी ह्याचं समर्थन करत नाही आणि वय झालं होतं, घर जळलं होतं असं म्हणून सोडूनही देत नाही. त्या दहा तुकड्यांत हा अकरावा.

१६८३ मध्ये तो गेला, परसात पुरला. १८६० मध्ये चांगलं स्मारक करायचं म्हणून खणलं तर तिथे सफरचंदाच्या झाडाचं एक मूळ मिळालं, वरून सरळ खाली येऊन मग दोन पायांसारखं फाटलेलं, माणसाच्या आकाराचं. लोकांची समजूत अशी की झाडाने त्यालाच शोषून घेतलं. ते मूळ आज प्रॉव्हिडन्सला जॉन ब्राऊनच्या वाड्याच्या म्युझियममध्ये ठेवलंय. आणि जॉन ब्राऊन होता गुलामांचा व्यापारी.

कारण अठराव्या शतकातलं ऱ्होड आयलंड हे समुद्राचं. जमीन थोडी, बंदरं उत्तम. कॅरिबियन बेटांवरून काकवी आणायची, न्यूपोर्टच्या भट्ट्यांमध्ये तिची रम गाळायची, ती रम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर देऊन माणसं घ्यायची, ती बेटांवर विकून पुन्हा काकवी. अमेरिकन वसाहतींमधून गुलामांसाठी सुटलेल्या जहाजांत निम्म्याहून जास्त ह्या एवढ्याशा वसाहतीची होती, एकूण लाखाच्या आसपास माणसं त्यांनी नेली. ब्राऊन भावांचं सॅली नावाचं जहाज १७६४ मध्ये निघालं, १९६ माणसं घेतली, त्यातली १०९ मेली. ह्यानंतर चौघांपैकी मोझेस ब्राऊनचं मन फिरलं, तो क्वेकर झाला आणि गुलामीविरुद्ध उभा राहिला, सख्ख्या भावाविरुद्ध, जॉनविरुद्ध. आणि हे सगळं त्या वसाहतीत, जिथे प्रॉव्हिडन्स आणि वॉरिकने १६५२ मध्येच दहा वर्षांपेक्षा जास्त कुणाला गुलाम ठेवायचं नाही असा कायदा केला होता. कायदा होता, पाळला कुणी नाही.

(समुद्राचा विषय निघालाय तर आपल्या इतिहासाशी लागणारा एक धागा सांगतो. न्यूपोर्टचा समुद्री लुटारू थॉमस ट्यू १६९५ मध्ये तांबड्या समुद्राच्या तोंडाशी मोगली जहाजावर हल्ला करताना मेला, त्याच मोहिमेत हेन्री एव्हरीने सुरतेला येणारं औरंगजेबाचं गंज-ए-सवाई लुटलं. औरंगजेब तेव्हा इकडे दख्खनमध्ये मराठ्यांशी झुंजत होता.)

धर्माच्या बाबतीतही गाडी घसरली होती. न्यूपोर्टच्या ज्यू लोकांनी १७६३ मध्ये सुंदर सिनेगॉग उभं केलं, ते अजून आहे. पण त्याच्या आदल्याच वर्षी न्यूपोर्टचा मोठा व्यापारी ॲरन लोपेझ नागरिकत्व मागायला गेला तर तो ख्रिश्चन नाही म्हणून ऱ्होड आयलंडच्या कोर्टाने नाकारलं, आणि त्याला ते मिळालं कुठे, तर मॅसॅच्युसेट्समध्ये! जिथून विल्यम्सला बर्फात हाकललं होतं तिथे. मला हे वाचून फार वाईट वाटलं होतं. ज्या जहाजात ज्यू आणि तुर्क बसलेले होते त्याच्या शिडीवर शंभर वर्षांत पहारा बसला.

क्रांतीबद्दल थोडक्यातच सांगतो, कारण ते सगळीकडे मिळतं. जकात वसूल करायला आलेलं गॅस्पी नावाचं ब्रिटिश जहाज जून १७७२ मध्ये वाळूत रुतलं, तेव्हा प्रॉव्हिडन्सहून रात्री होड्या गेल्या, कप्तानाला गोळी घातली, खलाशांना उतरवलं आणि जहाज जाळलं. राजाने चौकशी आयोग नेमला, पण गावातले लोक गप्प राहिले आणि कुणावरही खटला झाला नाही, ह्या हल्ल्याचा म्होरक्या जॉन ब्राऊनवरही नाही. ४ मे १७७६ ला, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या दोन महिने आधी, ऱ्होड आयलंडने राजाशी निष्ठा सोडली. मग ब्रिटिशांनी न्यूपोर्ट जवळजवळ तीन वर्षं ताब्यात ठेवलं, घरं सरपणासाठी पाडली, आणि ते बंदर पूर्वीसारखं परत कधी उभं राहिलं नाही. सैन्याला माणसं पुरेनात म्हणून फेब्रुवारी १७७८ मध्ये कायदा झाला की जो गुलाम भरती होईल तो मोकळा. त्याच ऑगस्टमध्ये ह्या काळ्या सैनिकांनी ब्रिटिशांच्या भाडोत्री जर्मन (हेसियन) तुकड्यांचे हल्ले एकामागून एक परतवले.

युद्ध संपलं आणि कर्ज डोक्यावर बसलं. कर रोख सोन्याचांदीत भरायचा, शेतकऱ्याकडे ते येणार कुठून? १७८६ मध्ये शेतकऱ्यांचा पक्ष निवडून आला आणि त्यांनी एक लाख पौंडांच्या कागदी नोटा काढल्या, जमीन तारण ठेवून. नोट न घेणाऱ्याला दंड. न्यूपोर्टमध्ये जॉन वीडन नावाच्या खाटकाकडे जॉन ट्रेव्हेट मटण घ्यायला गेला, नोट दिली, खाटीक म्हणाला घेत नाही. खटला उभा राहिला, त्यात ज्युरीही नव्हती, वीडनच्या वकिलाने तोच मुद्दा धरला आणि कोर्टाने प्रकरण आमच्या अखत्यारीत येत नाही म्हणून काढून टाकलं. बाहेरचे लोक ह्या राज्याला लुच्च्यांचं बेट म्हणायला लागले. पण मला त्या शेतकऱ्यांचं म्हणणं समजतं. त्या नोटांतूनच राज्याने आपलं बरंचसं कर्ज फेडलं, सावकारांचं नुकसान झालं हे खरं, पण शेजारी मॅसॅच्युसेट्समध्ये त्याच वर्षी शेतकरी बंदुका घेऊन उठले होते, इथे ते मतपेटीतून झालं.

१७८७ ला फिलाडेल्फियात घटना लिहायला बारा राज्यं बसली, ऱ्होड आयलंडने माणूसच पाठवला नाही. मार्च १७८८ मध्ये घटना गावागावांत मतदानाला टाकली, असं करणारं हे एकटंच राज्य. विरोधात सत्तावीसशेच्या वर मतं, बाजूने अडीचशेही नाहीत, अर्थात न्यूपोर्ट आणि प्रॉव्हिडन्समधल्या समर्थकांनी बहिष्कार टाकला होता हेही सांगायला हवं. विरोधाची कारणं सगळी उदात्त नव्हती. नोटांची काळजी होती, कराची होती. पण लिहून दिलेले हक्क कुठे आहेत हाही प्रश्न होता, आणि क्वेकरांना ते कलम सहन होत नव्हतं ज्यात गुलामांची आयात वीस वर्षं थांबवता येणार नव्हती. दीडशे वर्षं लांबच्या सत्तेकडून जमीन आणि श्रद्धा वाचवत आलेले लोक नव्या लांबच्या सत्तेला चटकन हो म्हणणार नव्हते, ह्यात मला तरी नवल वाटत नाही.

वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष झाला, १७८९ मध्ये न्यू इंग्लंडचा दौरा केला तो ऱ्होड आयलंडला वळसा घालून, कारण ते तेव्हा परदेश होतं. नोव्हेंबरमध्ये नॉर्थ कॅरोलिना आत आलं आणि हे एकटं उरलं. १७ जानेवारी १७९० ला, रविवारी, घटना मान्य करायची का ते ठरवायला परिषद बोलवायची की नाही ह्यावर मतं समसमान पडली आणि गव्हर्नर जॉन कॉलिन्सने आपलं मत हो बाजूला टाकलं. त्याची राजकीय कारकीर्द तिथेच संपली. मेमध्ये अमेरिकन सेनेटने ऱ्होड आयलंडशी व्यापार तोडायचं बिल पास केलं, आणि प्रॉव्हिडन्सने राज्याला सांगितलं की तुम्ही येत नसाल तर आम्ही फुटून निघतो. शेवटी २९ मे १७९० ला न्यूपोर्टमध्ये मतदान झालं, ३४ विरुद्ध ३२ मतांनी घटना मंजूर.

सही करताना त्यांनी सोबत हक्कांची लांबलचक यादी आणि दुरुस्त्यांच्या मागण्या जोडल्या. धर्म हा तर्काने आणि खात्रीने चालतो, जबरदस्तीने नाही, हे त्यात आहे. आणि एक मागणी अशी की गुलामांचा व्यापार स्वातंत्र्याला आणि माणुसकीला काळिमा आहे, काँग्रेसने शक्य तितक्या लवकर आयात बंद करावी. हे लिहून पाठवलं तेव्हा ऱ्होड आयलंडमध्ये साडेनऊशेच्या आसपास माणसं गुलाम होती, आणि तिथल्याच ब्रिस्टल बंदरातून जहाजं पुढेही आफ्रिकेला जातच राहिली.